तिसरा शनिवार : तालुक्याच्या चित्रपटगृहातील आगामी खेळ आणि उपक्रमांच्या प्रकल्प नोंदी (जुलै ते ऑक्टोबर २०२५)

१४ जुलै २०२५, सोमवार

आषाढी एकादशी होऊन आठवडा लोटला, खरिपाच्या पेरण्या उरकत आल्या आणि दुपारच्या खेळांना पुन्हा मोजकीच माणसे येऊ लागली. सातारा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावात आपले चित्रपटगृह एकपडदा आहे, खुर्च्या साडेतीनशेच्या आसपास आहेत आणि शुक्रवारी लागणारा नवा चित्रपट हाच आजवर आपला एकमेव कार्यक्रम राहिलेला आहे. भागीदारांच्या कालच्या बैठकीत असे ठरले की, बारा, तीन, सहा आणि नऊच्या नियमित खेळांना धक्का न लावता दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी एक खेळ गावासाठी राखून ठेवावा. जुने मराठी चित्रपट, शाळांचे खेळ, चर्चा आणि जमेल तेथे स्थानिक मंडळांचा सहभाग असे त्याचे स्वरूप राहील. नोंदवही आजपासून माझ्याकडे आहे.

चित्रपट कोणता याआधी वेळ कोणती हे ठरवावे, असे मत मी बैठकीत मांडले. वाड्यावस्त्यांवरचा आपला प्रेक्षक एसटीने येतो. सहाचा खेळ सुटेपर्यंत त्याच्या बहुतेक गाड्या निघून गेलेल्या असतात, त्यामुळे संध्याकाळचा चित्रपट कितीही चांगला असला तरी त्याच्यासाठी तो लागलेलाच नसतो. सकाळच्या गाड्या मात्र शाळा-कॉलेजच्या मुलांना घेऊन साडेआठच्या सुमारास स्टँडवर येतात आणि स्टँडवरून आपल्याकडे चालत येता येते. म्हणून तिसऱ्या शनिवारचा खेळ नऊला सुरू करून पावणेबाराच्या आत संपवायचा, म्हणजे झाडलोट करून बाराची तिकीट खिडकी वेळेवर उघडता येईल. तीन तासांचा चित्रपट या चौकटीत बसत नाही, हे निवडीवरचे पहिले बंधन.

१९ जुलै २०२५, शनिवार

ऑगस्टचा तिसरा शनिवार १६ तारखेला येतो आणि त्याच दिवशी दहीहंडी आहे. काहींनी तारीख बदलण्याचे सुचवले. माझ्या मते दहीहंडी हीच संधी आहे, कारण त्या दिवशी दाखवण्यासारखा एक चित्रपट मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ हा १९१९ सालचा मूकपट नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतर्फे तयार झाला होता आणि त्यात बाळकृष्णाचे काम फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिने केले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ घ्यावा असा आग्रहही झाला, पण त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज उपलब्ध आहेत, आणि तीदेखील १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. ‘कालिया मर्दन’ मात्र सुमारे पाऊण तासाचा, कथा नीट कळेल इतका शिल्लक आहे, आणि दहीहंडीच्या सकाळी पाऊण तास हा मुलांना आणि गोविंदांनाही पेलणारा वेळ आहे.

मूकपटाला जिवंत संगीत हवे. गावातील भजनी मंडळाच्या बुवांना विचारले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो “गवळणी चालतील ना?” हा. याहून योग्य संगीत कोणते असणार होते?

२४ जुलै २०२५, गुरुवार

हक्कांचा विषय आज मार्गी लावला. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे टिकतो, म्हणून १९१९ च्या मूकपटाविषयी हक्काचा प्रश्न उरत नाही. परंतु हक्क संपला म्हणजे प्रत हाती आली असे होत नाही. ज्या संग्रहाने ती जपली, तिची डिजिटल प्रत केली, त्याच्या अटींवरच ती मिळते. संग्रहाकडे रीतसर अर्ज केला असून प्रमाणपत्राचे कागद प्रतीसोबत पाठवावेत, असेही त्यात लिहिले आहे. पोलीस ठाण्यात द्यायच्या पत्राला ते जोडायचे आहेत.

पुढच्या महिन्यांसाठी मनात असलेल्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ची आणि १९५३ च्या ‘श्यामची आई’ची गोष्ट इतकी सरळ नाही. चित्रपट म्हणून दोघांचीही ६० वर्षे उलटली आहेत, मात्र पटकथा, गीते आणि संगीत या स्वतंत्र कृती असून त्यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ‘श्यामची आई’ची पटकथा लिहिणारे आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाची मुदत अजून संपलेली नाही. ‘संत तुकाराम’मधील ‘आधी बीज एकले’ हे पद अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटते. प्रत्यक्षात ते शांताराम आठवले यांनी लिहिलेले आहे, तेव्हा ‘संतवाङ्मय आहे, विचारायचे कोणाला’ ही सबब येथे चालणार नाही. दोन्ही खेळांसाठी लेखी परवानगी घेतल्याखेरीज फलक रंगवायला द्यायचा नाही, असे ठरवले आहे.

३० जुलै २०२५, बुधवार

संग्रहाचा होकार आला आणि प्रतही आली. ऑपरेटरबरोबर सबंध सकाळ यंत्रखोलीत गेली. मूकपटांच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत, त्यामुळे सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी, म्हणजे फ्रेम, पडत. आपला डिजिटल प्रोजेक्टर २४ चौकटींच्या हिशेबाने चालतो. तीच प्रत तशीच लावली तर कृष्णाचे सवंगडी दुडूदुडू पळताना दिसतात आणि प्रेक्षक नको तेथे हसतो. आम्ही वेग १८ धरला आणि दर तिसरी चौकट दोनदा यावी अशी मांडणी केली, म्हणजे तीन चौकटींच्या चार होतात आणि २४ चा हिशेब जुळतो. हे काम डीसीपी-ओ-मॅटिक या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर झाले. नव्या चित्रपटांच्या डीसीपीबरोबर (चित्रपटगृहाला मिळणाऱ्या डिजिटल प्रतीबरोबर) केडीएम, म्हणजे ठरावीक सर्व्हर आणि ठरावीक तारखांपुरती उघडणारी किल्ली, लागते. येथे ती भानगड नाही.

चौकटीचा आकारही निराळा आहे. आपला पडदा रुंद चित्रपटांसाठी ताणलेला, तर मूकपटाचे चित्र चौकोनाच्या जवळ जाणारे, ४:३ प्रमाणाचे. बाजूंचा पांढरा पडदा उघडा राहिला की चित्र फिके दिसते, म्हणून दोन्हीकडचे काळे पडदे आत ओढावे लागतील. ते पडदे कित्येक वर्षे जागचे हललेले नाहीत. रूळ साफ करून तेल घालण्याचे काम सुताराकडे दिले आहे.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा काल झाली. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’, सर्वोत्कृष्ट बालचित्रपट म्हणून ‘नाळ २’ आणि पदार्पणातील दिग्दर्शनासाठी ‘आत्मपॅम्फ्लेट’चे आशिष बेंडे यांची निवड झाली आहे. आमच्या सप्टेंबरच्या बेताला यामुळे आपोआप आकार आला. अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले होते आणि सत्तर वर्षांनी साने गुरुजींच्या त्याच पुस्तकावरचा, तोही कृष्णधवल चित्रपट पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार घेतो आहे, तर दोन्ही लागोपाठ दाखवावेत. नवा शुक्रवारी १९ सप्टेंबरला सकाळी शाळांसाठी आणि जुना शनिवारी २० तारखेला सर्वांसाठी. ‘नाळ २’ ऑक्टोबरमध्ये घ्यावा.

त्या दिवसांत पितृपक्ष आहे याकडे एका भागीदारांनी लक्ष वेधले. मला तो अडथळा वाटत नाही. पितृपक्षात गावात खरेदी-विक्री मंद असते, लग्नकार्ये नसतात आणि रिक्षा फिरवून केलेली जाहिरात लोक शांतपणे ऐकून तरी घेतात.

७ ऑगस्ट २०२५, गुरुवार

१४ ऑगस्टला दोन मोठे चित्रपट एकाच दिवशी प्रदर्शित होत आहेत. त्यांपैकी जो आपल्याकडे लागणार आहे, त्याच्या वितरकाची अट अशी की पहिला आठवडाभर पडद्यावर दुसरे काहीही दाखवायचे नाही. एकपडदा चित्रपटगृहाला अशी अट म्हणजे आठवडाभर स्वतःच्या घरात पाहुणा होणे. फोनवर बरीच घासाघीस झाली. शेवटी बाराच्या आधीचा वेळ अटीत धरू नये, एवढे त्यांनी मान्य केले आणि तसा निरोप लेखी पाठवला. सकाळी नऊची वेळ एसटीसाठी म्हणून ठरवली होती, ती येथेही उपयोगी पडली.

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

भजनी मंडळाची तालीम रात्री नऊचा खेळ सुटल्यावर घेतली, कारण त्याशिवाय पडदा मोकळा मिळत नाही. पखवाज, पेटी आणि चार टाळकरी पडद्याच्या डाव्या अंगाला लाकडी मंचावर बसतील. त्यांना पडदाही दिसला पाहिजे आणि त्यांच्या दिव्याचा उजेड पडद्यावर पडताही कामा नये, म्हणून दिव्याला पुठ्ठ्याची झाप लावली.

चित्रपटाच्या आरंभी मंदाकिनीचा चेहरा जवळून दिसतो. ती एकेक भाव दाखवत जाते आणि मग तिचा कृष्ण होतो. येथे काय वाजवायचे यावर बराच वेळ खल झाला. मी पेटीवर हलका आलाप सुचवला, तेव्हा बुवा म्हणाले, “साहेब, ती पोर अजून देव झालेली नाही. ती देव होईपर्यंत आम्ही गप्प बसतो, मग गजर धरतो.” तसेच ठरले. यमुनेच्या डोहातील झुंजीला टाळ पूर्ण बंद आणि केवळ पखवाज, हीसुद्धा बुवांचीच सूचना. संगीतातले मला जेवढे कळते त्यापेक्षा त्यांना चित्रपटातले अधिक कळते, असे मत झाले.

जवळच्या कर्णबधिर विद्यालयाच्या मुख्याध्यापिकांना आज निमंत्रण दिले. मूकपट पाहताना या मुलांचे काही कमी पडत नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही; पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या शिक्षिका खुणांच्या भाषेत सांगतील, एवढी सोय मात्र मागितली. त्यासाठी शिक्षिकांवर छोटा दिवा सोडायचा आहे. मुलांना मंचालगतची पहिली रांग हवी आहे, कारण पखवाजाचा ठोका लाकडातून जाणवतो.

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार

खेळ झाला. खालचा मजला भरला आणि बाल्कनीही निम्म्याहून अधिक भरली. प्रवेश विनाशुल्क होता, तेव्हा या गर्दीवरून तिकिटाच्या खेळांचा अंदाज बांधू नये. पाट्यांचा अर्थ मराठीत वाचून दाखवण्याचे काम कॉलेजच्या एका विद्यार्थिनीने केले; तिने घाई केली नाही, हे विशेष. प्रेक्षकांना सर्वांत जास्त हसू आले ते लोणी चोरण्याच्या प्रसंगाला, आणि ते योग्य ठिकाणचे हसू होते. कालियाच्या फण्यावर कृष्ण उभा राहिला तेव्हा मागून कोणीतरी ‘गोविंदा’ म्हणून आरोळी दिली आणि ठरलेला गजर मंडळाने दोन आवर्तने आधीच सुरू केला. कर्णबधिर विद्यालयाच्या मुलांना मध्यंतराची सवय, म्हणून पाऊण तासाने दिवे लागल्यावर ती जागची हलेनात. चित्रपट संपला हे शिक्षिकांना सांगावे लागले. बाराचा खेळ वेळेवर सुरू झाला.

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

गणेशोत्सव सुरू झाला आहे. नऊचा खेळ अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे ६ सप्टेंबरपर्यंत बंद ठेवला. देखावे पाहायला निघालेले गाव चित्रपटगृहात येत नाही. प्रकल्पाचे काम नाही.

५ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

जीएसटी परिषदेचा निर्णय परवा जाहीर झाला. २२ सप्टेंबरपासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १२ ऐवजी ५ टक्के कर लागेल. त्यावरील तिकिटांचा १८ टक्के दर कायम आहे. आपले खालचे तिकीट करासह ८० रुपयांचे आणि बाल्कनीचे १००. आजच्या हिशेबाने ८० मधून कर वजा जाता ७१ रुपये ४३ पैसे उरतात. नव्या दराने तेवढेच हाती ठेवायचे तर तिकीट नेमके ७५ रुपयांना बसते. बाल्कनीचे तिकीट अशाच हिशेबाने ९३ रुपये ७५ पैशांवर येते, ते ९५ करावे लागेल.

दर तसाच ठेवून फरक देखभालीला वापरावा, असा एक विचार पुढे आला. माझे म्हणणे दर कमी करावा असे आहे, कारण कर कमी झाल्याची बातमी गावाने वाचलेली आहे आणि खिडकीवरचा माणूस रोज तो प्रश्न ऐकेल. त्याची खरी अडचण वेगळीच निघाली : पाच रुपयांची नाणी आणायची कोठून. बाजारपेठेतील पानवाल्याशी बोलणी चालू आहेत.

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

दिलीप प्रभावळकर यांचा ‘दशावतार’ काल लागला. कोकणातील दशावतारी कलावंताची कथा घाटावर कितपत रुजेल अशी शंका होती, पण काल रात्रीपर्यंतचे खेळ पाहता ती निराधार ठरावी. या चित्रपटासाठी वेगळा कार्यक्रम करण्याची गरज नाही. तो आपल्या पायांवर चालेल.

गरज आहे ती १९ तारखेला प्रदर्शित होणाऱ्या ‘साबर बोंडं’साठी. रोहन कानवडे यांच्या या मराठी चित्रपटाला जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला तरुण आणि गावातला त्याचा बालमित्र यांच्यातील प्रेमाची ही गोष्ट आहे. आपल्याकडे तो चालणार नाही असे म्हणणारे बैठकीत होते आणि गोंधळ होईल असे म्हणणारेही होते. माझे मत मी नोंदवून ठेवतो : सुतकातली घरे, येणारी-जाणारी नातेवाईक माणसे, ‘लग्न कधी करणार’ हा प्रत्येकाच्या तोंडचा प्रश्न, हे सगळे आपल्या प्रेक्षकाच्या घरातले आहे आणि शहरातल्या मल्टिप्लेक्सपेक्षा ते येथे अधिक ओळखले जाईल. आठवडाभर लावण्याचे धाडस करू नये, शनिवार २७ सप्टेंबरला तीनचा एकच खेळ आणि त्यानंतर अर्धा तास चर्चा ठेवावी, यावर एकमत झाले. नवरात्रात संध्याकाळी देवीच्या दर्शनाची गर्दी असते, म्हणूनही तीनची वेळ बरी.

२० सप्टेंबर २०२५, शनिवार

दोन्ही ‘श्यामची आई’ दाखवून झाले. परवानगीची पत्रे आठवड्यापूर्वी आली होती. काल शाळांच्या खेळाला मुलांची शिस्त उत्तम होती, शिक्षकांची त्यामानाने कमी. निम्मे शिक्षक पोर्चमध्ये फोनवर होते. आज मात्र सभागृह साठीच्या पुढच्या माणसांचे होते. जुन्या प्रतीचा आवाज खरखरीत आहे, तेव्हा ऑपरेटरने संवादांसाठी मधला स्पीकर वाढवून बाजूचे जवळपास बंद केले. हा बदल लिहून यंत्रखोलीत लावला आहे, ‘संत तुकाराम’च्या वेळी तो उपयोगी पडेल.

चर्चेत एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दोन्ही चित्रपटांची तुलना केली, त्यातला एक मुद्दा पुढच्या निवडीसाठी मोलाचा आहे. त्यांच्या मते १९५३ ची आई सभागृहाशी बोलते आणि २०२३ ची आई केवळ श्यामशी बोलते. या मुद्द्यावर अर्धा तास वाद झाला आणि बाराच्या खेळासाठी लोकांना उठवावे लागले. चहाचा खर्च अंदाजापेक्षा जास्त गेला.

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

‘साबर बोंडं’चा खेळ भर पावसात झाला. गर्दी बेताची होती, पण आलेल्यांपैकी बहुतेक जण चर्चेला थांबले. गोंधळ झाला नाही. एक शेतकरी गृहस्थ म्हणाले की त्यांना त्या दोघांपेक्षा आईची काळजी अधिक वाटली, त्यावर एका तरुणाने उत्तर दिले, “काका, तिला सगळं ठाऊक आहे म्हणून तर तो घरी येऊ शकला.” त्यानंतर काही क्षण कोणी बोलले नाही आणि मग एकदम तिघे-चौघे बोलू लागले. अशा चित्रपटासाठी वर्षातून दोनदा तरी तीनचा खेळ राखावा, अशी शिफारस करतो.

मराठवाड्यात अतिवृष्टीने आणि सोलापूर जिल्ह्यात सीना नदीच्या पुराने मोठी हानी केली आहे. बीड भागातील मजूर ऊसतोडीसाठी आपल्याच तालुक्यात येतात, तेव्हा हा पूर आपल्यासाठी लांबचा नाही. ऑक्टोबरच्या खेळाचे निव्वळ उत्पन्न वह्या-दप्तरांसाठी द्यावे आणि ते सामान तोडणी टोळ्या आल्यावर मुलांच्या हाती पोचवावे, असा प्रस्ताव मांडला आणि तो मंजूर झाला.

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

पुढील दोन महिन्यांचे वेळापत्रक आज फलकावर गेले. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार १८ तारखेला येतो आणि त्या दिवशी धनत्रयोदशी आहे. दिवाळीच्या तोंडावर सकाळी नऊला घराबाहेर पडायला कोणी मोकळे नसते, म्हणून ‘नाळ २’ आठवडाभर आधी, ११ तारखेला सकाळी नऊला घेत आहोत. तिकीट सर्वांना ५० रुपये असून उत्पन्न पूरग्रस्त मुलांसाठी आहे, हे फलकावर तिकिटाच्या आकड्याशेजारीच लिहिले आहे.

दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ कार्तिकी एकादशीला, रविवारी २ नोव्हेंबरला सकाळी नऊला दाखवायचा आहे. विष्णुपंत पागनीसांचा हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, ही माहिती जाहिरातीच्या रिक्षावर सांगण्याची गरज नाही. ‘पागनीसांचा तुकाराम’ एवढे शब्द पुरेसे आहेत. गीतांच्या परवानगीचे एक पत्र यायचे बाकी आहे. भजनी मंडळाने त्या दिवशी खेळाआधी हरिपाठ म्हणण्याची तयारी दाखवली आहे, पण तो पंचवीस मिनिटांत आवरावा लागेल, आणि बुवा त्याबद्दल नाराज आहेत. साडेआठला दारे उघडून हरिपाठ आधीच सुरू करता येईल का, हे पहिल्या गाडीच्या वेळेवर ठरेल. आगारात चौकशी उद्या करायची आहे.

गाळप सुरू झाल्यावर ऊसतोड मजुरांच्या तळावर एक उघड्यावरचा खेळ करण्याचा बेत आहे. आपला प्रोजेक्टर जागचा हलवता येत नाही, म्हणून मंगल कार्यालयात वापरतात तसा भाड्याचा प्रोजेक्टर आणि पंधरा फुटी पडदा पाहून आलो. मजूर पहाटे फडात जातात, तेव्हा खेळ रात्री साडेआठच्या पुढे जाता कामा नये; डिसेंबरमध्ये साडेसहापर्यंत अंधार पडतो, म्हणजे दोन तास मिळतात. जनित्राचा आवाज संवादांवर येणार नाही इतके ते लांब ठेवायचे तर वायर शंभर मीटर लागेल. तिचा दर काढला आहे, मंजुरी भागीदारांच्या पुढच्या बैठकीत घ्यायची आहे.